न उच्चारला जाणारा ‘पी’: जीवशास्त्रातले अवघड इंग्रजी शब्द कसे फोडावेत आणि कसे उच्चारावेत

अकरावी विज्ञानाच्या वर्गात वनस्पतींच्या वर्गीकरणाचा धडा चालू होता. साक्रीकडच्या एका खेड्यातून आलेल्या मुलाने फळ्याकडे बोट दाखवून विचारले, ‘‘सर, हाऊ पी कोठे गया?’’ फळ्यावर टेरिडोफायटा हा शब्द इंग्रजीत लिहिलेला होता. त्याची सुरुवात पी आणि टी या दोन अक्षरांनी होते आणि मी मात्र सरळ ‘टे’पासून वाचायला सुरुवात केली होती. ‘‘तो सायलेंट असतो,’’ एवढे सांगून मी पुढे गेलो. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्या मुलाला पूर्ण उत्तर द्यायला हवे होते ही रुखरुख माझ्या मनात बरीच वर्षे राहिली. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात पुढे येईलच.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती आलेले विद्यार्थी, बी.एस्सी. किंवा नर्सिंगला गेलेली मुलेमुली आणि कृषी पदविका करणारे तरुण यांच्यासाठी हे लिहीत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की मराठीत शिकलेल्या संज्ञा आता विसरायच्या आणि नव्या इंग्रजी संज्ञा कोऱ्या पाटीवर पाठ करायच्या. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तुम्ही नववी-दहावीत शिकलेली मराठी संज्ञा हीच पुष्कळदा त्या इंग्रजी शब्दाची आधीच केलेली फोड असते. ती टाकून देऊ नका, तिच्यावरूनच सुरुवात करा.

पहिली पायरी: समासासारखा विग्रह करा

जीवशास्त्रातले अवघड शब्द दिसायला इंग्रजी असले तरी त्यांतले बहुसंख्य शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून बनवलेले आहेत. आपण मराठी व्याकरणात सामासिक शब्दाचा विग्रह करतो, अगदी त्याच पद्धतीने हे शब्द सोडवता येतात. इकायनोडर्मेटा हा शब्द घ्या. ग्रीक भाषेत ‘एखिनोस’ म्हणजे साळिंदरासारखा, अंगावर काटे असलेला एक लहान प्राणी, आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी. आता दहावीतली संज्ञा आठवा: कंटकचर्मी. मायटोकॉन्ड्रिया या शब्दात ‘मिटोस’ म्हणजे धागा आणि ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे कण आहे, आणि आपल्या पुस्तकात तंतुकणिका हाच शब्द होता. प्लॅटिहेल्मिंथीजमध्ये ‘प्लॅटिस’ म्हणजे चपटा आणि ‘हेल्मिन्स’ म्हणजे कृमी, म्हणून चपटकृमी. ज्यांनी या मराठी संज्ञा घडवल्या त्यांनी मूळ शब्द उकलून, त्याचे तुकडे समजून घेऊन त्या घडवल्या होत्या. तुम्हाला आता फक्त तोच रस्ता उलट्या दिशेने चालायचा आहे.

सगळ्याच संज्ञा अशा तंतोतंत जुळत नाहीत, हेही सांगायला हवे. कॉटिलीडन या शब्दाचे मूळ ‘वाटी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, तर आपला बीजपत्र हा शब्द बीजातल्या पानाकडे पाहून केलेला आहे. झायलम म्हणजे मूळ अर्थाने लाकूड आणि फ्लोएम म्हणजे साल. आपण मात्र त्यांना जलवाहिनी आणि रसवाहिनी म्हणतो, कारण मराठी संज्ञा त्यांचे काम सांगते. कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाने 1858 मध्ये झायलम आणि फ्लोएम ही दोन्ही नावे दिली. अशा ठिकाणी दोन्ही अर्थ लिहून ठेवावेत. इंग्रजी नावातून ती ऊती कशासारखी दिसते ते कळते आणि मराठी नावातून ती काय करते ते कळते.

विग्रह करताना शब्दाच्या शेवटापासून मागे यावे. शेवटचा तुकडा वस्तूची जात सांगतो आणि आधीचे तुकडे तिचे वर्णन करतात. ‘-साइट’ असेल तर ती पेशी, ‘-ब्लास्ट’ असेल तर अंकुरासारखी वाढती पेशी, ‘-फायट’ असेल तर वनस्पती, ‘-फोर’ असेल तर काहीतरी धारण करणारा भाग, ‘-ट्रॉफ’ असेल तर पोषणाचा प्रकार आणि ‘-लायसिस’ असेल तर विरघळणे किंवा तुटणे. एवढे सहा शेवट पक्के झाले की एरिथ्रोसाइट ही कसलीतरी पेशी आहे हे लगेच कळते, आणि ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल हे कळल्यावर ती तांबडी रक्तपेशी आहे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. न्यूमॅटोफोरमध्ये ‘न्यूमा’ म्हणजे हवा किंवा श्वास, म्हणून तो खारफुटीचा श्वसनमुळाचा भाग.

येथे एक जागा नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. क्लोरोफिल आणि मेसोफिल यांतला ‘फिल’ वाय आणि दोन एल यांनी लिहिला जातो आणि त्याचा अर्थ पान असा आहे. थर्मोफाइल आणि हायड्रोफिलस यांत पी-एच नंतर आय येतो, एल एकच असतो आणि अर्थ आवड असा आहे. पहिल्यात पान, दुसऱ्यात प्रेम. म्हणजे थर्मोफाइल हा उष्णता मानवणारा जीवाणू, आणि क्लोरोफिल म्हणजे शब्दशः हिरवे पान.

दुसरी पायरी: घरातल्या शब्दांशी नाते लावा

ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे कित्येक ग्रीक मुळे आपल्याला अनोळखी नसतात. नकार दाखवणारा ‘अ’ आणि स्वरापूर्वी होणारा ‘अन्’ दोन्हीकडे अगदी तोच आहे. आपण अज्ञान आणि अनावृत म्हणतो, इंग्रजीत असेक्शुअल आणि ॲनिमिया म्हणतात. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, पेरि म्हणजे परि, मेसो म्हणजे मध्य, ऑस्टिओ म्हणजे अस्थि, पोड म्हणजे पद, ओडोन्ट म्हणजे दंत, हेपॅट म्हणजे यकृत. जिम्नोस्पर्ममधला ‘जिम्नो’ हा नग्न या शब्दाचा दूरचा भाऊ आहे, आणि आपली अनावृत्तबीजी ही संज्ञा हेच सांगते. हायपो आणि हायपर यांची गल्लत परीक्षेत फार महाग पडते. उप आणि उपरि ही जोडी एकदा मनात बसली की हायपोग्लायसीमिया म्हणजे रक्तातली साखर खाली जाणे आणि हायपरग्लायसीमिया म्हणजे वर जाणे, यात पुन्हा घोटाळा होत नाही.

यातला सर्वांत उपयोगी शब्द माझ्या मते झायगोट हा आहे. ग्रीक ‘झायगॉन’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृत ‘युग’ आणि आपले ‘जू’ हे त्याच घराण्यातले शब्द आहेत. दोन जननपेशी एका जुवाला जोडल्या गेल्या की झायगोट, म्हणजे युग्मनज. ज्याने शेतावर जू पाहिले आहे त्याला होमोझायगस आणि हेटेरोझायगस हे शब्द कधी जड जाऊ नयेत: एका जुवाला सारखीच जोडी असली तर होमो, वेगवेगळी असली तर हेटेरो. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार काही केवळ पुस्तकातला धडा नाही, तिथल्या आदिवासी पाड्यांवर तो घरोघरीचा प्रश्न आहे. आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्हीकडून सिकलची जनुके आलेली व्यक्ती होमोझायगस असते आणि तिला आजार होतो. एक निरोगी आणि एक सिकलचे जनुक असलेली व्यक्ती हेटेरोझायगस, म्हणजे वाहक असते आणि तिला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. ही गोष्ट पाड्यावर जाऊन समजावून सांगणाऱ्या आरोग्यसेविकेला इंग्रजी शब्द आणि जुवाचे उदाहरण दोन्ही यायला हवीत.

मात्र अर्थ जुळला किंवा आवाज जुळला म्हणजे नाते सिद्ध झाले असे समजू नये. हेल्मिन्स आणि कृमी यांचा अर्थ एक आहे, पण ते शब्द नात्यातले नाहीत. शंका असेल तिथे शब्दाच्या व्युत्पत्तीसह माहिती देणारा चांगला इंग्रजी कोश उघडावा.

तिसरी पायरी: गायब होणारी अक्षरे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. ग्रीक ‘टेरिस’ म्हणजे नेचे, आणि ते ‘टेरॉन’ म्हणजे पीस किंवा पंख या शब्दाशी संबंधित आहे, कारण नेच्याचे पान पिसासारखे दिसते. दोन्ही शब्दांच्या आरंभी पी आणि टी आहेत. यांचे मूळ आणि संस्कृत ‘पत्’ हा धातू एकच आहे. ‘पत्’ म्हणजे उडणे आणि पडणे, ज्याच्यापासून पत्र, पतंग आणि पतन हे शब्द आले. संस्कृतात प आणि त यांच्यामधला स्वर टिकला, ग्रीकमध्ये तो गळाला आणि प्-ट असे जोडाक्षर तयार झाले. ग्रीक माणूस शब्दाच्या सुरुवातीलाही दोन्ही व्यंजने उच्चारत असे. इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला शब्दाच्या आरंभी हे जोडाक्षर वळत नाही, म्हणून त्याने पहिला प सोडून दिला. लिहिताना मात्र तो ठेवला, कारण तो काढला तर शब्दाचे कूळ हरवते.

पण तो पी मेलेला नाही. शब्दाच्या मध्ये आला आणि त्याच्या आधी स्वर असला की तो पुन्हा बोलू लागतो. हेलिकॉप्टर हा शब्द सगळेच म्हणतात. त्यातला ‘प्टर’ म्हणजे तोच पंख आहे, आणि तिथे प स्पष्ट ऐकू येतो. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे कीटक, लेपिडॉप्टेरा म्हणजे खवलेदार पंखांचे कीटक, ज्यांत आपल्या कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग मोडतो. टेरिडोफायटात लपलेला आणि लेपिडॉप्टेरात प्रकट झालेला पी एकच आहे.

हाच नियम इतर जोडाक्षरांनाही लावता येतो, म्हणून ही यादी वेगळी पाठ करण्याची गरज नाही. नॅथोस्टोमॅटा, म्हणजे जबडा असलेले प्राणी, या शब्दाच्या आरंभी जी आणि एन आहेत आणि जी गप्प आहे. त्याच्याआधी नकाराचा अ लावला की ॲग्नॅथा होते, म्हणजे जबडा नसलेले प्राणी, आणि ग ऐकू येतो. न्यूमोनियात पी गप्प आहे, ॲप्निया म्हणजे श्वास थांबणे यात तो बोलतो. नेमॉनिकमधला आरंभीचा एम गप्प आहे, ॲम्नेशियात तो बोलतो. नायडेरियाच्या आरंभीचा सी, टिनोफोराच्या आरंभीचा सी आणि स्यूडोपोडियाच्या आरंभीचा पी हेही असेच गप्प असतात.

ॲपोप्टोसिस हा शब्द या नियमाचे एक लोभस उदाहरण आहे. पेशीचा ठरल्याप्रमाणे होणारा मृत्यू यासाठी केर, वायली आणि करी या तिघांनी 1972 मध्ये तो सुचवला. त्याचा मूळ अर्थ झाडावरून पाने गळणे असा आहे. ‘टोसिस’ म्हणजे पडणे, पुन्हा तोच ‘पत्’ आणि तेच पतन. ज्यांनी शब्द घडवला त्यांनी दुसरा पी गप्प ठेवावा असे सुचवले होते, म्हणजे ॲपटोसिस. आज मात्र दोन्ही उच्चार सर्रास ऐकू येतात आणि कोशही दोन्ही देतात. माघ-फाल्गुनात यावलच्या बाजूने सातपुड्यात गेलात आणि सागाच्या पानांचा खच पायाखाली वाजू लागला की हा शब्द आठवून पाहा.

चौथी पायरी: सी, जी, एक्स, वाय आणि जोडस्वर

मी बी.एस्सी.ला असताना तोंडी परीक्षेत देहगुहेसाठीचा इंग्रजी शब्द ‘कोएलोम’ असा उच्चारला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो शब्दच कळला नाही, आणि मला उत्तर येत असूनही ते पोहोचले नाही. बरोबर उच्चार सीलम असा आहे. त्या दिवशी मला कोणी दोन ओळींचा एक नियम सांगितला असता तर पुरे झाले असते. तो नियम असा: ए-ई आणि ओ-ई हे लॅटिन जोडस्वर इंग्रजीत बहुधा ‘ई’ असे वाचले जातात, आणि सीनंतर ई, आय, वाय किंवा हे जोडस्वर आले तर सीचा उच्चार स होतो, इतरत्र क होतो. म्हणून सीलम, सीकम, सिलिया आणि सायटोप्लाझम. पण कॉर्टेक्स, कॅलिक्स आणि क्यूटिकल. फसवी देहगुहा असलेल्या प्राण्यासाठीचा स्यूडोसीलोमेट हा लांबलचक शब्द आता स्वतः सोडवून पाहा. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा, आरंभीचा पी गप्प. ‘सीलोम’ म्हणजे पोकळी, सीचा स आणि ओ-ईचा ई. ‘एट’ म्हणजे ते असलेला.

अमेरिकी पुस्तकांत हे जोडस्वर पुष्कळदा नुसत्या ई या अक्षराने लिहितात. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि ईसोफॅगस हे शब्द दोन-दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळतात, आणि कोशात एका जागी सापडले नाहीत तर दुसऱ्या जागी पाहावे लागते.

सी-एच ही जोडी ग्रीक शब्दांत क असते, च नाही: कायटिन, काइम, कॉर्डेटा, क्रोमोसोम. आरंभीचा एक्स नेहमी झ असतो: झायलम, झीरोफाइट. आर-एचमधला एच नुसता लिहायचा: राइझोम, राइझोबियम. वायचा उच्चार मात्र कधी ‘आय’ तर कधी ‘इ’ होतो. हायफा, लायसोसोम, पण लिम्फ, जिम्नोस्पर्म. याचा थोडा खुलासा आघाताच्या भागात होईल.

झ लिहिताना मराठी माणसाला एक सोय आहे, जी आपण वापरत नाही. आपल्या च, ज आणि झ यांना दोन-दोन उच्चार आहेत. ‘जीव’मधला ज आणि ‘जागा’मधला ज वेगळे आहेत; ‘माझी’मधला झ आणि ‘माझा’मधला झ वेगळे आहेत. लिपीत फरक दिसत नाही, पण तोंडात तो लहानपणापासून आहे. जीन आणि जीनस यांचा ज ‘जीव’मधला आहे. झायलम, झायगोट आणि झूऑलॉजी यांचा आवाज ‘जागा’, ‘माझा’ यांच्या बाजूचा आहे. वहीत उच्चार लिहिताना या दुसऱ्या प्रकारच्या अक्षराखाली एक टिंब द्यावे, म्हणजे वाचताना चूक होत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतल्या ळ आणि ण यांच्यावरून उगीच संकोच वाटतो, जळगावला ‘जयगाव’ म्हटले की कोणी हसेल असे वाटते. जीवशास्त्राच्या इंग्रजी उच्चारांत ळ नाही आणि ण नाही. या शब्दांच्या बाबतीत ती मुले कोणाच्याही मागे नाहीत, आणि हे मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात वर्गात मुद्दाम सांगतो.

पाचवी पायरी: आघात कुठे द्यायचा

मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने उच्चारतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर असतो आणि उरलेली अक्षरे दबतात. हा जोर चुकला की सगळे वर्ण बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. सुदैवाने शेवटच्या तुकड्यावरून जोराची जागा बऱ्यापैकी ठरते. ‘-लॉजी’, ‘-ग्राफी’, ‘-लिसिस’, ‘-व्होरस’, ‘-गॅमस’ असे शेवट असले तर जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो: बायॉलॉजीत ‘ऑ’वर, कार्निव्होरसमध्ये ‘नि’वर. ‘-इक’ आणि ‘-शन’ यांच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर येतो, म्हणून फोटोसिंथेसिसमध्ये जोर ‘सिं’वर असतो आणि फोटोसिंथेटिक म्हणताना तो ‘थे’वर सरकतो. ‘-ओसिस’ असेल तर ‘ओ’वर: मायटोसिस, सिम्बायोसिस. मेटामॉर्फसिस हा त्याला ठळक अपवाद आहे, तिथे जोर ‘मॉर्’वर आहे.

जोर सरकला की स्वर बदलतो. लायसिस एकटा असताना ‘लाय’ असतो, पण हायड्रो आणि लायसिस जोडले की हायड्रॉलिसिस होतो आणि ग्लायको जोडले की ग्लायकॉलिसिस होतो. ‘लाय’चा ‘लि’ झाला आणि ‘ड्रो’चा ‘ड्रॉ’ झाला. हे आपल्याला विचित्र वाटू नये. मूल या शब्दाला प्रत्यय लागला की ‘मुलाला’ होतो, फूलचे ‘फुलाचा’ होते, आणि दीर्घ स्वर ह्रस्व झाला म्हणून आपण अडखळत नाही.

फ्लोएम हा शब्द ‘फ्लोम’ असा एका झटक्यात म्हणू नये, त्यात फ्लो आणि एम असे दोन वेगळे भाग आहेत. मायोसिस आणि मायटोसिस या जोडीत फरक फक्त एका ट-चा आहे, म्हणून तो ट ठणठणीत उच्चारावा. मायटोसिस हे नाव वाल्थर फ्लेमिंगने 1882 मध्ये पेशीत दिसलेल्या धाग्यांवरून दिले, म्हणून सूत्री विभाजन. मायोसिसचा मूळ अर्थ कमी होणे असा आहे, आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी होते म्हणून अर्धगुणसूत्री विभाजन.

सहावी पायरी: अनेकवचने आणि जुळी भावंडे

ग्रीक-लॅटिन शब्दांची अनेकवचने पुष्कळदा नुसता एस लावून होत नाहीत. बॅक्टेरिया हेच अनेकवचन आहे, एक असेल तर बॅक्टेरियम. स्टोमाचे स्टोमाटा, ओव्हमचे ओव्हा, फायलमचे फायला, मायटोकॉन्ड्रिऑनचे मायटोकॉन्ड्रिया. ‘-अस’ने संपणाऱ्यांचे बहुधा ‘-आय’ होते: न्यूक्लियसचे न्यूक्लिआय, व्हिलसचे व्हिलाय, फंगसचे फंजाय किंवा फंगाय. जीनसचे मात्र जेनेरा होते. लार्वाचे लार्वी, हायफाचे हायफी, आणि शैवालासाठीच्या ॲल्गाचे ॲल्जी. टेस्टिसचे टेस्टीज. स्पीशीज एकवचनातही तसाच राहतो. ‘एक स्पेसी’ असे काही नसते.

सारखे वाटणारे शब्द जोडीने लिहून ठेवावेत. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड या दोघांसाठी इलियम हा एकच उच्चार आहे, स्पेलिंगमध्ये मात्र आतड्याच्या शब्दात मधे ई आहे आणि हाडाच्या शब्दात आय आहे. युरीटर मूत्रपिंडातून मूत्राशयात मूत्र आणतो आणि युरीथ्रा मूत्राशयातून बाहेर नेतो. ॲफरंट म्हणजे आत आणणारी आणि इफरंट म्हणजे बाहेर नेणारी वाहिनी किंवा चेता, म्हणून बोलताना पहिल्या अक्षरावर मुद्दाम जोर द्यावा.

माणसांच्या नावावरून पडलेले शब्द फोडता येत नाहीत, ते ऐकूनच शिकावे लागतात. इटलीच्या माल्पिगीवरून माल्पिगियन, गॉल्जीवरून गॉल्जी बॉडी, जर्मनीच्या लँगरहान्सवरून स्वादुपिंडातली लँगरहान्सची बेटे, हेन्लेवरून हेन्लेचा वळसा.

सातवी पायरी: शेतातली आणि रानातली नावे

शास्त्रीय नावांत पहिले नाव प्रजातीचे आणि दुसरे जातीचे असते, आणि दुसऱ्या नावात पुष्कळदा रूप, ठिकाण किंवा माणूस दडलेला असतो. पळसाचे नाव ब्युटिया मोनोस्पर्मा आहे. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, आणि पळसाची चपटी शेंग उघडून पाहिली तर टोकाला एकच बी सापडते. कडुनिंबाच्या ॲझाडिराक्टा इंडिका या नावातला पहिला शब्द फारसी आहे: आझाद दरख्त, स्वतंत्र वृक्ष. बी.टी. कापूस आपण रोज म्हणतो, त्यातले बी.टी. म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. ‘-एन्सिस’ म्हणजे अमुक ठिकाणचा, आणि थुरिंजिया हा जर्मनीतला प्रदेश आहे. गुलाबी बोंडअळी म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. ‘पेक्टेन’ म्हणजे कंगवा, ‘फोरा’ म्हणजे धारण करणारी, आणि गॉसिपियम हे कापसाच्या प्रजातीचे नाव. तिच्यासाठी आपण जो कामगंध सापळा लावतो त्यातले फेरोमोन हे नाव कार्लसन आणि ल्यूशर यांनी 1959 मध्ये दिले. त्यात ‘वाहून नेणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हॉर्मोनचा शेवट जोडलेला आहे.

रानपिंगळ्याचे नाव तर खानदेशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला यायला हवे. हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय: ‘हेटेरो’ म्हणजे वेगळा, ‘ग्लॉक्स’ म्हणजे घुबड. 1873 मध्ये या पक्ष्याचे वर्णन झाले. 1884 नंतर त्याचा कुठेच पत्ता लागला नाही आणि तो नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. दुसरे नाव ब्लेविट या माणसावरून आहे. माणसाच्या नावाला लागलेला शेवटचा आय कोणी ‘आय’ वाचतात, कोणी ‘ई’, आणि दोन्ही चालते.

नाव नीट न कळल्याने अर्थ कसा हरवतो, याचे उदाहरण रावेर-यावलच्या केळीबागांत रोज ऐकू येते. ऊतिसंवर्धित रोपांची जी जात सगळे ‘जी-नाईन’ म्हणतात तिचे नाव ग्रां नेन असे फ्रेंच आहे. त्याचा अर्थ ‘मोठी बुटकी’ असा होतो, कारण ती कॅव्हेंडिश गटातल्या बुटक्या जातींमध्ये उंच आहे. बाजारात जी-नाईनच म्हणावे, कारण तिथे तेच नाव चालते. वहीत मात्र खरे नाव अर्थासह लिहावे.

वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक शब्दाला अर्धे पान द्या. सर्वांत वर इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, जोराचे अक्षर लाल शाईने. त्याखाली तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ. मग मराठी संज्ञा. ती आठवत नसेल तर शासनाच्या भाषा संचालनालयाचा जीवशास्त्र परिभाषा कोश पाहावा. शेवटी स्वतः पाहिलेली एखादी वस्तू. उच्चाराची खात्री ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन कोशात ध्वनीचे चिन्ह दाबून करावी. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन उच्चार मिळतात, त्यातला एक निवडून त्याच्याशीच राहावे. दिवसाला पाचच शब्द करा आणि ते मोठ्याने वाचा. मनात वाचलेला उच्चार तोंडी परीक्षेत कामाला येत नाही.

चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या वहीतले पान मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वर शब्द होता पार्थेनोकार्पी, पहिला ‘पार्’ लाल शाईत. खाली तुकडे: ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी, ‘कार्पोस’ म्हणजे फळ. त्याखाली अनिषेकफलन, आणि त्याच्याशेजारी ‘फलनाशिवाय फळ’ असे तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. उरलेल्या जागेत घरच्या पिलबागेतले केळ आडवे कापून काढलेले चित्र होते. गोल चकती, मधे तीन कप्प्यांच्या पुसट रेषा आणि त्यांच्या कडेला पेन्सिलने दिलेले बारीक काळे ठिपके. त्यांतल्या एका ठिपक्याला बाण काढून तिने ऑव्ह्यूल असे लिहिले होते, आणि पुढे: ‘बीजांड, न वाढलेले.’